पावणेचारची जाग

पाच महिन्यांत माझं अकरा किलो वजन उतरलं आणि ते मी माझं कर्तृत्व समजले. ही चूक माझी एकटीची, कोणी माझ्याकडून करवून घेतली नाही. म्हणून ती लिहिणंही मलाच भाग आहे. हे वाचून एखादीने आपले हात पुढे धरून बोटं थरथरतात का एवढं जरी पाहिलं, तरी माझं काम झालं.

मी सुचिता. माहेर पार्से, सासर मांद्रे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा काजूच्या बागेत कामाला होते; सही करायला त्यांना मी शिकवलं. बी.ए. झाले, इंग्रजी घासून घासून स्वच्छ केलं आणि गेली नऊ वर्षं मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसचं ऑफिस सांभाळते. आमच्याकडे येणारे पाहुणे योग करायला आणि आयुर्वेदाचे उपचार घ्यायला येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी डिचोलीहून वैद्य येतात, एकेकाला तपासतात. ते सांगतील त्यावरून प्रत्येकाची दिनचर्या टाईप करून त्याच्या खोलीच्या दारामागे चिकटवायची, हे माझं काम. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: वैद्यांना विचारल्याशिवाय कुठलंही चूर्ण घेऊ नये.

जूनमध्ये पाहुणे नसतात. तेव्हा वाटलं, परक्यांसाठी एवढं करते, स्वतःसाठी कधी करणार? बसले आणि माझं वेळापत्रक केलं. वैद्यांना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, नऊ वर्षं मीच तर लिहीत होते.

साडेचारला उठायचं. कोमट पाणी, जीभ घासणं, तेलाची गुळणी, अंगाला तेल, सूर्यनमस्कार, आंघोळ. सहा ते दहा कफाचा काळ, अंग जड असतं, म्हणून अंगमेहनतीची कामं तेव्हा उरकायची. दहा ते दोन पित्ताचा काळ, डोकं तल्लख, म्हणून बुकिंग आणि पत्रव्यवहार तेव्हा. साडेबाराला पोटभर जेवण, सूर्य मावळायच्या आत हलकं काहीतरी, साडेनऊला दिवा बंद. कागद फ्रिजवर लावला. दिगंबर, माझे मिस्टर, लाईनमन आहेत. खांबावर चढून आलेला माणूस, घामाघूम. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"ह्येच्यात माझी चाय खंय आसा?"

"तुमची तुम्ही करून घ्यायची. सहा ते दहामध्ये."

"बरा. कफाच्या काळात चाय," म्हणाले आणि गॅस पेटवला.

पहिला महिना खरोखर छान गेला. हे मुद्दाम लिहिते, कारण दिनचर्येला नावं ठेवायला मी बसलेली नाही. वेळेवर जेवले, वेळेवर झोपले, पोट हलकं राहिलं. बिघडलं ते पुढे.

*

जुलैच्या शेवटी मला गजराच्या आधी जाग यायला लागली. चार वाजता, मग पावणेचारला. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजेपर्यंत माझं अर्धं घर झाडून झालेलं असायचं. भूक तर अशी की चार चपात्या खाऊन तासाभरात पुन्हा डबे उघडायची. अग्नी प्रदीप्त झालाय, असं मी आईंना, म्हणजे सासूबाईंना सांगितलं. वजन मात्र उतरत होतं. एवढं खाऊन वजन उतरतं म्हणजे चयापचय सुधारलं, दुसरं काय?

हात थरथरायला लागले. एकदा पाहुणीला चहा देताना बशीतच सांडला. म्हटलं, वात वाढलाय, तेल कमी पडतंय. तेल वाढवलं. उकडायचं, तळहात ओले राहायचे. म्हटलं, पित्त. कोकम आणि धण्याचं पाणी सुरू केलं. छातीत धडधडायचं. म्हटलं, सूर्यनमस्कार वाढवलेत म्हणून. माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत, त्याला उत्तर लगेच सापडतं.

"पंखो पाचार कशाक घातलंस?" दिगंबर गोधडी ओढत म्हणायचे. "माका हुडहुडी भरता."

आणि कामाचा झपाटा बघून, "सुचिता, तू माणूस आसस की मिक्सर?"

मी हसायचे, कधी खेकसायचे. खेकसणं वाढत गेलं. एकदा ताटात मीठ कमी वाढलं म्हणून ते बोलले तर मी ताटच उचलून नेलं. असं मी वीस वर्षांत केलं नव्हतं.

आईंनी एक दिवस माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. "गो, तुझे डोळे असे भायर कशाक येतत?"

"बारीक झाले ना, म्हणून मोठे दिसतात."

"बारीक मी पण होतंय कवळेपणात. डोळे जाग्यार होते माझे."

चवथीला पार्श्याला गेले. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला सगळं घराणं जमलेलं. बायका माझ्याभोवती. काय खातेस, काय करतेस, सांग तरी. मी पाटावर बसून वेळापत्रक सांगत होते, भाची मोबाईलमध्ये लिहून घेत होती. आणि उठायला गेले तर उठताच येईना. मांड्यांत जीवच नव्हता. भिंतीला धरून, दुसऱ्या हाताने वहिनीचा खांदा पकडून उभी राहिले. "पाय आखडले," म्हटलं. अकरा जणींनी ते वेळापत्रक नेलं.

झोप मात्र गेली ती गेलीच. तेव्हा मी आमच्या गेस्ट हाऊसच्या काउंटरवरून अश्वगंधेचा डबा घरी आणला. पाहुणे ते झोपेसाठी नेतात. वेळापत्रकाच्या खाली पेनाने लिहिलं: दूध, अश्वगंधा एक चमचा. पंधरा दिवसांनी एकाचे दोन केले. ही गोष्ट मी कोणाला बोलले नाही. तळाच्या त्या ओळीमुळे.

*

नोव्हेंबरातला मंगळवार. वैद्य आले होते, मी पाहुण्यांसाठी दुभाष्याचं काम करत होते. शेवटची पाहुणी गेल्यावर सहज विचारल्याचा आव आणून मी म्हटलं, "वैद्यकाका, पित्तावर एखादा काढा द्या ना. घाम फार येतो."

त्यांनी मनगट धरलं. ते नाडी बघतात तेव्हा डोळे मिटतात. या वेळी मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, घड्याळाकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"दोन्ही हात पुढे कर. बोटं सरळ, फाकवून."

मी केले. त्यांनी मेजावरचा एक कोरा कागद उचलला आणि माझ्या बोटांवर आडवा ठेवला. कागद फडफडायला लागला, पंख्याखाली ठेवल्यासारखा. पंखा बंद होता.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"सुचिता, मी डिचोलीहून दोन बस बदलून येतो. मला फिरवू नकोस. किती दिवस?"

सांगितलं. वजन, भूक, जाग, पाटावरून उठता आलं नाही ते. ते एकेक बोट मिटत गेले.

"काही घेतेस का? चूर्ण, गोळी?"

"काही नाही," मी म्हटलं.

"दिगंबरला फोन लाव. आत्ता बांबोळीला, मोठ्या इस्पितळात जायचं. आज. उद्या नाही."

"काका, उद्या सात जणांचा ग्रुप येतोय. त्यांचे कागद..."

"नाडी दीडशेच्या आसपास आहे आणि ठेका चुकतोय. ही तुझी शिस्त नव्हे, हा आजार आहे. थायरॉईड असणार. यावर माझ्याकडे काढा नाही आणि असता तरी आज दिला नसता."

इतका राग आला मला त्यांचा. आजार? पाच महिने पहाटे उठणाऱ्या बाईला हा माणूस आजारी म्हणतो? फोन लावताना आकडे दिसेनात. माझा अंगठा भलत्याच नंबरवर पडत होता. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

*

इस्पितळात छातीला वायरी लावल्या. कागदाची पट्टी बाहेर येत राहिली आणि तरुण डॉक्टर बाईंचा चेहरा बदलला. थायरॉईड उसळलंय, त्याने हृदय बेताल पळतंय, आज भरती व्हायचं. असंच पळत राहिलं तर हृदय थकेल, किंवा रक्ताची गाठ सुटून डोक्यात जाईल. हे सगळं त्यांनी कोकणीत, शांतपणे सांगितलं. दिगंबर हातातली चपलांची पिशवी या हातातून त्या हातात करत होते.

"गोळ्यो सुरू करतां. आनीक कितें घेता घरांत? काढो, पूड, किदेंय?"

"काही नाही, डॉक्टर."

दुसऱ्यांदा. या वेळी तर विचारसुद्धा केला नाही.

वॉर्डाची दिनचर्या वेगळी. साडेपाचला दिवे, तापमापक, नाडी. सहाला चहा-पाव. मग रक्त. मग झाडणारी बाई, तिच्यामागून लादी पुसणारी, आणि नऊला डॉक्टरांचा ताफा. नाडीचा आकडा नर्स पायथ्याच्या तक्त्यावर लिहायची आणि मी मान उंचावून वाचायचे. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे एक्केचाळीस. एकशे चव्वेचाळीस. आयुष्यभर मार्क वाढले की खूश होणारी मी, आता आकडा उतरावा म्हणून देवाचं नाव घेत होते.

शेजारच्या खाटेवर मये गावच्या लक्ष्मीमावशी. हृदयाची झडप खराब, पण जीभ ठणठणीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "बाय, तुजे दोळे बघून माका दिसलें तूं माका मारूंक येता." मग स्वतःच हसल्या आणि आपल्या डब्यातलं अर्धं केळं दिलं. नर्सला चुकवून त्या माझ्यासाठी खिडकीचं जनेल उघडायच्या, कारण मला उकडायचं आणि बाकी सगळ्यांना थंडी वाजायची. ह्या छोट्या गोष्टींवर मी ते दिवस काढले.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला दिगंबर यायचे. कामावरून सुटून बाईकवरून तासभर. आईंनी दिलेला पेजेचा डबा आणि एक थर्मास. पहिल्याच दिवशी थर्मास उघडला आणि मला वासावरून कळलं.

"कागदार लिवलंला तसाच केलंय," ते म्हणाले. "दोन चमचे. तुझा काय चुकूक नको, इस्पितळात असलंस म्हणून काय झाला."

या माणसाला घरी दूध कुठल्या पातेल्यात तापवतात ते माहीत नव्हतं. तो कागद वाचून, चमचा मोजून, घेऊन आला होता. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. डॉक्टरांना काही नाही म्हटलंय, वैद्यांनाही, हे सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. झोप येईल असं वाटत होतं. प्याले. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी.

शुक्रवारी ते गेल्यावर लक्ष्मीमावशी म्हणाल्या, "तुज्या दुदाक घोड्याच्या तबेल्याचो वास कित्याक येता गो?"

"पूड आहे. झोपेसाठी."

"दोतोरीणीक खबर आसा?"

मी भिंतीकडे वळले.

*

शनिवारी सकाळी आकडा एकशे त्रेपन्न. ताफा माझ्या खाटेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मोठे डॉक्टर तरुण डॉक्टर बाईंना म्हणाले, चार दिवस होत आले, एवढं औषध देऊनही नाडी बसत नाही, म्हणजे आपल्याला काहीतरी दिसत नाहीये. डोस वाढवा, रक्त परत पाठवा, दुपारपर्यंत उतरली नाही तर आयसीयूत हलवा. ते इंग्रजीत बोलत होते. त्यांना वाटलं असावं मला कळत नाही. मला शब्द न् शब्द कळत होता. त्या इंग्रजीचा एवढा अभिमान मला, आणि आज वाटलं, ते आलं नसतं तर बरं झालं असतं.

ताफा पुढच्या खाटेकडे वळला. लक्ष्मीमावशी कुशीवर वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "तूं सांगता काय हांव सांगूं?"

मी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"म्हजी झडप गेल्या, तें म्हज्या हातांत ना. तुजें तुज्या तोंडांत आसा."

"डॉक्टर," मी हाक मारली. कोणाला ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा सगळा वॉर्ड वळला.

सांगितलं. कधीपासून, किती, कुठून आणलं, काल संध्याकाळीसुद्धा घेतलं. वैद्यांनी दिलेलं नाही, हे दोनदा सांगितलं. तरुण डॉक्टर बाई लिहीत होत्या. मी वाट बघत होते की आता त्या बोलतील, शिकलेली बाई ना तू, म्हणतील. त्या म्हणाल्या, "हेंच कारण म्हूण हांव सांगचें ना. पूण ह्या आजारांत तें घेवपाक नाका, थायरॉईड आनीक भडकूं येता. माका खबर आसूंक जाय आशिल्लें." मग पेन बंद करून, "डबो हाडूंक सांग. आज दूद फकत दूद."

हेच कारण असं म्हणणार नाही, पण मला माहीत असायला हवं होतं. बस, एवढंच. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दिगंबर थर्मास घेऊन आले. मी झाकण उघडू दिलं नाही. सगळं सांगितलं. ते ऐकत होते, थर्मास मांडीवर.

"म्हणजे तीन दिवस मी तुका खंयचा वीख हाडून पाजतंय?"

"वीख नव्हे. पण मला चालणारं नव्हतं. मी लपवलं."

"माझ्याकडसून कशाक लपवलंस? मी डॉक्टर आसंय?" आवाज वर गेला, मग एकदम खाली आला. "चमचो सपाट धरून मोजी होतंय मी. जास्त पडाक नको म्हणून."

ते उठले, बेसिनमध्ये दूध ओतलं, थर्मास तीनदा धुतला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. वेळ संपेपर्यंत आत आले नाहीत. पुढचे दोन दिवस डबा आणला, खाटेजवळ ठेवला, लक्ष्मीमावशींची विचारपूस केली. माझी नाही.

आयसीयूत जावं लागलं नाही. शनिवारी दुपारी नाडी एकशे तीस झाली. डोस वाढवल्यामुळे की पूड थांबल्यामुळे, ते मला आजही कोणी ठामपणे सांगत नाही आणि मी विचारत नाही. सोमवारी नव्वद. मंगळवारी वायरीच्या पट्टीवरच्या रेघा एकसारख्या अंतरावर आल्या. दिगंबरनी ती पट्टी हातात घेऊन खांबावरची तार तपासावी तशी तपासली आणि म्हणाले, "सरळ आसा." माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द.

*

घरी आल्यावर वैद्य मांद्र्याला स्वतः भेटायला आले. त्यांनाही सांगितलं. 

"खोटं बोललीस याचं मला तेवढं नाही," ते म्हणाले. "चार महिने आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर बसत होतीस. मला आधी दिसायला हवं होतं. मीही म्हणत होतो, पोरगी छान सडपातळ झाली."

मग मी वही पुढे केली. नवं वेळापत्रक करून द्या म्हटलं. त्यांनी वही मिटली.

"दिनचर्या निरोगी माणसाने निरोगी राहावं म्हणून सांगितलीय. आजारी माणसाने आधी आजाराचं बघायचं. उठायचं झोप पूर्ण झाल्यावर. मग डॉक्टरांची गोळी, ठरलेल्या वेळेला. सूर्यनमस्कार बंद. जेवण वेळेवर, हे तुझं चांगलं होतं, ते ठेव. चहा कमी, आणि उपाशीपोटी अजिबात नको. दुपारी दोन तास मोकळे."

"मोकळे म्हणजे काय करायचं?"

"हेच विचारतेस म्हणून तर सांगतोय."

ते दोन तास हा माझ्या उपचारातला सगळ्यात कठीण भाग होता. गोळी गिळता येते. रिकामं बसणं गिळवत नव्हतं. आमच्या घरात रिकामी बसलेली बाई मी पाहिलेलीच नव्हती. पहिले काही दिवस बाकड्यावर बसून रडायचे. थकव्याने की शरमेने, कळायचं नाही. आई शेजारी येऊन शेंगा सोलत बसायच्या. मी हात पुढे केला की हातावर चापट मारायच्या.

चवथीच्या त्या अकरा जणींना मी एकेक फोन केला. सांगितलं की माझं वजन शिस्तीने नव्हे, आजाराने उतरलं. रक्त तपासा, अंगात काही बदल वाटला तर लपवू नका. बहुतेक घाबरल्या. वहिनी तेवढी म्हणाली, "काय का होयना, उतरला तरी मगे. माझा एक किलोसुद्धा उतराक नाय." तिला मी हसूही शकले नाही आणि रागावूही.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. रात्री झोप लागते, पाटावरून उठता येतं, पाच किलो परत आलेत. बसमध्ये दिगंबरच्या मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरलेली, आणि काय आहे विचारलं तर "गप रव."

तरुण डॉक्टर बाईंनी रिपोर्ट वाचले. आकडे बरेच खाली आलेत, गोळी अर्धी करूया, म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आनीक कितें घेता?"

मी तोंड उघडायच्या आत दिगंबरनी पिशवी मेजावर उलटी केली. हळद, ओव्याचा अर्क, इसबगोल, बाम, कोकमाची सोलां, आईंचा च्यवनप्राश, खोकल्याची अर्धी बाटली. अख्खं फडताळ.

डॉक्टर बाई एकेक उचलून बघत गेल्या. एका डबीपाशी थांबल्या. "हें कितें?"

"टूथपेस्ट," दिगंबर म्हणाले. "पावडरीची."

"ती गिळना न्हय?"

"विचारा तिका. माझ्यार भरवसो ठेवू नका, माका सगळा मागीर कळता."

मी खाली मान घालून नाही म्हटलं. डॉक्टर बाईंनी सगळं बाजूला सारलं, चालेल म्हणाल्या. दिगंबर उठले नाहीत.

"एक रवला. ता पिशयेत घालूक गावूक नाय," ते म्हणाले. "सकाळी उपाशीपोटी माझ्या टोपातली उरलेली चाय ही ओट्याकडे उबी रवान पिता. तिका दिसता माका खबर नाय."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. त्यांनी पेन उघडलं आणि तेही लिहून घेतलं.